कुरणावरचा बारावा धूर

तुमच्या गावात सगळ्यांची म्हणून जी जमीन होती, ती कोणी आणि कधी खाल्ली, हे तुम्हाला सांगता येईल का?

येणार नाही. मलाही आलं नसतं. माझ्या वडिलांनी हा प्रश्न जन्मभर पत्रकांच्या माथ्यावर छापला, म्हणून निदान प्रश्न तरी पाठ आहे. वडील तालुक्याच्या गावी एका छापखान्यात कामाला होते. दिवसभर लग्नपत्रिका छापायचे आणि मालक घरी गेला की पत्रकं. आमच्या घरात पुस्तकं चार आणि पत्रकं पोत्यानं. मी अक्षरं शिकले ती 'गायरान कोणाचं?' या ठळक ओळीवर, आणि पाढे लिहिले ते तिच्या कोऱ्या पाठीवर. पत्रकाबद्दल वडिलांचा नियम साधा होता: वर प्रश्न हवा, खाली दिवस, वेळ आणि जागा हवी. "खाली जागा लिहिली नसेल तर तो नुसता सुस्कारा," ते म्हणायचे. "सुस्कारे छापायला शाई कशाला वाया घालवायची?"

आमच्या गावचं गायरान शेवटी एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याचं मंगल कार्यालय झालं. माझ्या चुलत बहिणीचं लग्न तिथेच लागलं. वडील फाटकाबाहेर उभे राहिले, अक्षता तिथूनच टाकल्या आणि जेवले नाहीत. आम्ही सगळे जेवलो. मठ्ठा चांगला होता. हे आठवलं की मला स्वतःची जी किळस येते, ती मी बरीच वर्षं दुसऱ्यांवर काढत आले आहे. पुढे जे लिहिणार आहे त्यातही काढणार आहे.

मी सध्या जर्मनीत, श्टुटगार्टच्या विद्यापीठात काँक्रीटला तडे कसे जातात यावर पीएच.डी. करते आणि गेर्लिंगेनच्या पलीकडच्या एका लहान गावात राहते. गाव म्हणजे एक चर्च, एक बेकरी, एक राटहाउस, म्हणजे नगरपालिकेची कचेरी, आणि कडेला आमची नवी कोरी इमारत. तिच्यात आम्ही आठ मराठी घरं. सात घरांत पुण्या-मुंबईचे सॉफ्टवेअरवाले, बायकामुलांसह. आठवं घर माझं: एक खोली, दोन शेगड्या, एक खिडकी. खिडकीतून एक उतार दिसतो, त्यावर सफरचंदाची आणि पेअरची जुनी वाकडी झाडं, खाली गुडघाभर गवत. आमच्यातले बहुतेक जण त्याला 'ते रिकामं' म्हणायचे. बस कुठे थांबते, तर त्या रिकाम्याच्या पुढे.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. त्या उतारावरून मी खाली येत होते, तेव्हा एक म्हातारी लांब दांड्याच्या विळ्यानं गवत कापताना दिसली. उताराखालच्या बुटक्या घरात राहते ती. दोन शेळ्या पाळते. मी 'गुटन टाग' म्हणून पुढे निघाले तर तिनं विळा टेकवला आणि विचारलं, "यंदाही तुम्ही लोक येणार नाही का?"

"कुठे?"

"चिठ्ठ्यांना."

मला काही कळलं नाही हे तिच्या लक्षात आलं. मग तिनं, मी अगदीच मंद आहे असं धरून, हळूहळू सांगितलं. हा उतार म्हणजे गावाची आल्मेंडं आहे, सामाईक कुरण. दरवर्षी ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाला सगळे इथे जमतात. कापडी पिशवीत लाकडी चकत्या असतात, प्रत्येक चकतीवर एका झाडाचा नंबर. ज्याला जे झाड निघेल त्याची त्या वर्षाची फळं त्याची, खालचं गवतही त्याचं. गवत आता कोणाला नको असतं, म्हणून ते सगळं ती नेते. त्यावर तिच्या शेळ्या हिवाळा काढतात.

"पण आम्ही इथले नाही," मी म्हणाले.

"गावात राहता ना? स्वतःची चूल आहे ना?"

"आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. नियमात तेवढंच लिहिलंय. ज्याच्या घरातून स्वतःचा धूर निघतो, त्याला चकती. कुठून आलात ते कोणी विचारलंय?" मग ती जरा थांबून म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्हाला आमचे पेअर चालत नाहीत."

नियमाचा दुसरा भागही तिनंच सांगितला. सलग दोन वर्षं बारापेक्षा कमी चुली आल्या, तर कुरण दुसऱ्या कामाला लावायची मोकळीक राटहाउसला आहे. गेल्या वर्षी नऊच आल्या. यंदाही कमी आल्या तर इथे बहुउद्देशीय हॉल होणार आणि हॉलपुढे पार्किंग. गवत गेलं की शेळ्या विकायच्या. सगळं आम्ट्सब्लाटमध्ये छापून आलंय, तीन आठवडे लागोपाठ. तुम्ही वाचत नाही का?

आम्ट्सब्लाट म्हणजे नगरपालिकेचं पत्रक. दर गुरुवारी प्रत्येक पत्रपेटीत फुकट पडतं. फक्त आमच्या आठ पेट्यांत पडत नव्हतं. कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठराव झाला होता की पिझ्झ्याच्या जाहिराती फार येतात, म्हणून सगळ्यांच्या पेट्यांवर 'जाहिराती आणि फुकट छापील मजकूर टाकू नये' अशा चिकटपट्ट्या लावायच्या. आठच्या आठ पेट्यांवर लागल्या. आमच्या लोकांना स्वच्छता आवडते, विशेषतः जिथे ती केली की विचार करायची गरज उरत नाही तिथे.

तिथून मी थेट राटहाउसच्या तळघरात गेले. तिथे गावाचं दप्तर आहे. कारकून सभ्य होता. इतका सभ्य की त्याला चिमटा काढून पाहावंसं वाटत होतं. कुरणाची जुनी वही त्यानं पांढरे हातमोजे देऊन माझ्यापुढे ठेवली. वळणदार जुनी जर्मन लिपी. मला वाचायला चार दुपारी लागल्या, आणि अडलं तिथे त्यानंच वाचून दाखवलं, तेही हवामानाचा अंदाज वाचावा अशा आवाजात.

आधी हे कुरण नदीपर्यंत होतं. ज्याच्या दारात दहा गाई त्यानं दहा आणाव्यात, ज्याची एक शेळी त्यानं एक. मग गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांनी अर्ज केला: जमीन 'पडीक' आहे, तिची 'सुधारणा' व्हावी, ती वाटून टाकावी. हा 'पडीक' शब्द दिसला तेव्हा मी वही मिटून घेतली होती. आमच्या गायरानाच्या ठरावात तोच होता. शेकडो माणसांची गुरं जिथे चरतात ती जागा पडीक, आणि एका माणसाच्या नावावर झाली की लगेच विकसित! वाटणीचं सूत्र तर इतकं निर्लज्ज की त्याला प्रामाणिकच म्हणावं लागेल. ज्याच्याकडे आधीच जितकी शेती, त्या प्रमाणात त्याला कुरणाचा तुकडा. ज्याच्याकडे शेती नाही, नुसती शेळी आहे, त्याला शून्य. शेळीवाल्यांनीही अर्ज केला होता. खाली सह्यांच्या जागी नुसत्या फुल्या. समासात वरिष्ठांचा शेरा: नोंद घेतली. वही तिथून पुढच्या विषयाकडे वळते, विहिरीच्या झाकणाकडे.

उरला तो हा दगडी उतार. तो सामाईक राहिला कारण तो कोणाला नको होता. नंतर कोणीतरी त्यावर फळझाडं लावली.

"अन्याय आहे हा," मी कारकुनाला म्हणाले.

"आल्झो, हे पाहा, सगळं नियमानुसार झालेलं आहे," तो म्हणाला आणि हातमोजे परत मागितले.

कुरणाच्या तोंडाशी गावाच्या वारसा मंडळानं एक रंगीत फलक लावला आहे. टोपल्या घेतलेल्या गुबगुबीत बायका, हसरी गाय, खाली मोबाइलनं टिपायचा चौकोनी कोड. मजकुरात म्हटलंय, 'काळाच्या ओघात कुरणाचा आकार लहान होत गेला.' काळाच्या ओघात! काळानं मोजणीची साखळी धरली होती का? अर्ज काळानं लिहिला? समासातला शेरा काळाच्या हस्ताक्षरात आहे? चोरी विसरायची सगळ्यात सुसंस्कृत पद्धत म्हणजे तिच्या जागेवर फलक लावायचा आणि त्यावर गाय हसवायची. वारसा मंडळाचे लोक उन्हाळ्यात तिथे वाइन घेऊन बसतात. चकत्यांना त्यांच्यातला एकही जण येत नाही. फळं वेचायला वाकावं लागतं ना.

पण परक्यांचा तिरस्कार करणं सोपं असतं. मला आपल्या माणसांकडे जायचं होतं. रविवारी आमच्या मराठी मंडळाची बैठक होती, अध्यक्षांच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. अध्यक्षांना आम्ही सगळे दादा म्हणतो. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि ते विसरू देत नाहीत. वहिनी स्वयंपाकघरात पोह्यांची फोडणी करत होत्या. मोहरी तडतडली आणि छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायला लागला. दादा सरावानं उठले आणि टॉवेल हलवत म्हणाले, "अगं, किती वेळा सांगितलं, झाकण ठेव! त्या हाउसफरवाल्टुंगचं, इमारतवाल्यांचं, तिसरं पत्र येईल आता."

"येऊ दे. पहिली दोन लावलीत फायलीला, तिसरंही लावीन," वहिनी आतून म्हणाल्या.

भोंगा थांबल्यावर मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. चकत्या, बारा चुली, शेळ्या, वही, फुल्या. म्हटलं, आपण आठ घरं आहोत. त्यांची नऊ. नुसते पिशव्या घेऊन उभे राहिलो तरी कुरण वाचतं.

"झालं! आल्या आमच्या कॉम्रेड," सोफ्यावरून एक जण म्हणाला. "आधी पत्रक काढणार की आधी उपोषण?"

"सफरचंदं सुपरमार्केटमध्ये मिळतात गं, धुतलेली," दुसरा.

"आणि आंबट असतात ती," वहिनी पोह्यांवर खोबरं भुरभुरत म्हणाल्या. "मी एकदा खाली पडलेलं चाखलं होतं. दात आंबले दिवसभर."

दादांनी हात वर केला. "हे बघ, तू अजून लहान आहेस. तुला दुसरी बाजू माहीत नाही. राटहाउसमधल्या माणसाशी माझं बोलणं झालंय. हॉल झाला की गणपतीला पहिला मान आपल्याला. पाच दिवस! पार्किंगसकट. आत्ता आपण शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या जाळीखाली बाप्पा बसवतो, ते चालतं तुला?"

"म्हणजे तुम्हाला हे आधीच माहीत होतं?"

"जून-जुलैपासून."

"आणि सांगितलं नाहीत?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? रिकामी जागा, तिथे हॉल."

त्यांची दहा वर्षांची मुलगी मोबाइलमधून डोकं वर न काढता जर्मनमध्ये म्हणाली, "इस्ट डोख नुअर आइने वीझं." नुसतं गवतच तर आहे ते. खोलीत हशा पिकला. लेक बापाची.

माझ्या डोळ्यांपुढे मंगल कार्यालय उभं राहिलं. मी बोलले, आणि वाईट बोलले. म्हटलं, तुम्ही लोक आकाशातून पडल्यासारखे राहता. ज्या गावात राहता तिथला साधा कागद वाचत नाही. नगरपालिका तीन आठवडे ओरडून सांगत होती आणि तुमच्या पेटीवर काय लिहिलंय? आम्हाला काही सांगू नका! तुम्हाला हॉल द्या, पार्किंग द्या, आणि मेंदूवर लावायला एक चिकटपट्टी द्या!

पोह्यांचे चमचे वाजत होते. मग वहिनी माझ्यापुढे बशी धरून शांतपणे म्हणाल्या, "पण पट्ट्या चिकटवल्या तूच ना? आठही पेट्यांवर? फूटपट्टी लावून?"

हो. मीच चिकटवल्या होत्या. मी ग्रुपमध्ये सगळ्यात लहान, मला वेळ असतो, म्हणून दादांनी पाकीट माझ्याकडे दिलं होतं. आणि मी खाली जाऊन, एकही तिरकी जाऊ नये म्हणून पट्टीनं मापून, आठही दारं बंद करून आले होते. पत्रकांच्या पाठीवर पाढे लिहिलेली मुलगी! हे मी इथवर लपवलं, कारण तुम्हाला आधी दादांचा राग यावा अशी माझी इच्छा होती. मी पोहे न खाता निघून आले. वडिलांची नक्कल. त्यांना निदान ती करण्याचा अधिकार होता.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मराठीत, एका पानावर. वर प्रश्न: 'आपल्या खिडकीसमोरचं कुरण कोणाचं?' खाली शनिवार, सकाळी दहा, उतारावरचं मोठं पेअरचं झाड. विद्यापीठात छापलं आणि खाली आले, तर आठही पेट्यांवर माझ्याच हातची सूचना: टाकू नये. माझी पट्टी मी नखानं खरवडून काढली. निघाली, पण डिंकाचा चिकट डाग राहिला तो राहिलाच. बाकीच्या सात माझ्या नव्हत्या. त्यामुळे सात घंट्या वाजवाव्या लागल्या आणि सात वेळा माफी मागावी लागली. दोघांनी दारातूनच पत्रक घेतलं. एकानं विचारलं, "पीडीएफ नाही का?" दादांनी ते उलटं करून पाहिलं, पाठ कोरी आहे का ते. वहिनींनी घडी घालून कमरेला खोचलं.

शनिवारी मी साडेनऊला उतारावर होते. म्हातारी होती, हातात चकत्यांची पिशवी. तिच्या दोन शेळ्या खुंटाला बांधलेल्या. गावातली नेहमीची मंडळी आली, गेल्या वर्षीची नऊ आणि एक नवी. दहा. मी अकरावी. राटहाउसकडून तोच सभ्य कारकून आला होता, मागे कडक पुठ्ठा लावलेली यादी घेऊन. आमच्या इमारतीच्या बाल्कन्यांमध्ये दोन-तीन जण चहाचे कप घेऊन उभे होते. बघायला! अर्ध्या मिनिटाच्या अंतरावर, चपला घातल्या की आले. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते छापण्यासारखं नाही. म्हातारी मात्र त्यांच्याकडे बघतही नव्हती. ती शेळीच्या कानामागे खाजवत होती.

दहाला पाच कमी असताना उतारावरून वहिनी वर आल्या. दोन्ही हातांत निळ्या मोठ्या पिशव्या, काखेत फाइल, मागे रडकुंडीला आलेली मुलगी.

"दादा?" मी विचारलं.

"झोपलेत. झोपू दे," त्या म्हणाल्या. "मला लोणचं घालायचंय. त्या दिवशी दात आंबले तेव्हाच कळायला हवं होतं मला. सुपरमार्केटच्या गोड सफरचंदाचं काय लोणचं होतं, गं? कैरीसारखं आंबट पाहिजे."

कारकुनानं यादी पाहिली. माझं नाव मी दप्तरात बसले तेव्हाच घालून ठेवलं होतं, वहिनींचं नव्हतं. "बाराव्या चुलीसाठी पुरावा लागेल," तो म्हणाला. आपली माणसं या देशात फाइल घेतल्याशिवाय दूध आणायलाही जात नाहीत. वहिनींनी आनमेल्डुंगचा कागद काढून दिला, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद. त्यानं तो उलटसुलट पाहिला.

"यावरून पत्ता सिद्ध होतो," तो म्हणाला. "नियमात मात्र स्वतःची चूल आणि धूर असे शब्द आहेत. माझा हेतू अडवण्याचा नाही. पण वरिष्ठांनी विचारलं तर..."

वहिनींचं जर्मन बेताचं आहे. पण धूर हा शब्द त्यांना चांगला ठाऊक होता. त्यांनी फाइलमधून दोन कागद काढले, हाउसफरवाल्टुंगच्या शिक्क्याचे. इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या त्या कचेरीनं लेखी कळवलं होतं की तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या स्वयंपाकघरातून वारंवार धूर निघतो आणि भोंगा वाजतो, तरी काळजी घ्यावी. तारखेनिशी. सहीनिशी.

"हा घ्या धूर," वहिनी मराठीत म्हणाल्या. मुलीनं नाक पुसत त्याचं जर्मन केलं.

म्हातारी इतकी हसली की पिशवीतल्या चकत्या खुळखुळल्या. कारकुनानं दोन्ही पत्रं पूर्ण वाचली, बिचाऱ्याला न वाचता राहवतच नसे, आणि यादीच्या तळाशी बारावी ओळ लिहिली. समासात लिहिलं: नोंद घेतली. या वेळी ती खरंच घेतली होती.

वहिनींना सगळ्यात आंबट झाड निघालं. मला एक पोकळ पेअर, सात फळं. तेव्हापासून आजवर ना हॉल झाला ना पार्किंग. शेळ्यांनी हिवाळा काढला. या विजयानं भारावून जावं असं त्यात काही नाही. आठ घरांतून दोन आली, त्यातलं एक लोणच्यासाठी. बाल्कनीतल्यांनी नंतर बरण्या मागितल्या, आणि वहिनींनी दिल्याही. दादा अजून म्हणतात की माझ्यामुळे बाप्पा बास्केटबॉलच्या जाळीखाली बसले. येत्या ऑक्टोबरात पुन्हा दुसरा शनिवार येईल, पुन्हा बारा लागतील, आणि राटहाउसला घाई नाही. जमिनी खाणाऱ्यांना कधीच घाई नसते. आपण कधी कंटाळतो एवढंच ते बघत असतात.

वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "पत्रकाच्या खाली जागा लिहिली होतीस ना?"

तेव्हा तुम्हालाही नुसता सुस्कारा टाकून जाता येणार नाही. या आठवड्यात तुमच्या गावच्या गायरानाचा सातबारा काढा. तलाठ्याकडे जायचा कंटाळा असेल तर मोबाइलवरही मिळतो, निमित्त चालणार नाही. त्यावर आज कोणाचं नाव आहे ते मोठ्यानं वाचा. मग एक कोरा कागद घ्या, वर तुमचा प्रश्न लिहा, खाली दिवस, वेळ आणि ती जागा लिहा. आणि तो घरोघर नेऊन द्या, घंटी वाजवून, हातात.